हॉक आणि बझर्ड यांत फरक काय? शिकारी पक्ष्यांचा आपापसांत संकर होतो का?

एकाच पक्ष्याला एका पुस्तकात हॉक आणि दुसऱ्यात बझर्ड का म्हटलंय, हा तुमचा पहिला प्रश्न. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ब्यूटिओ लॅगोपस, बोटांपर्यंत पिसं असलेला थंड प्रदेशातला पक्षी. ब्रिटनमध्ये तो रफ-लेग्ड बझर्ड, अमेरिकेत रफ-लेग्ड हॉक. पक्षी तोच.

ब्यूटिओ वंशातले पक्षी म्हणजे रुंद पंखांचे, आखूड शेपटीचे, उंच घिरट्या घालणारे. ब्रिटिश त्यांना बझर्ड म्हणतात आणि हॉक हे नाव बाज, शिक्रा अशांसाठी ठेवतात: आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, झाडीतून सपासप वळत पाठलाग. अमेरिकन बोलीत मात्र बझर्ड म्हणजे चक्क गिधाड! मोहोळघारीची तर कमालच आहे. इंग्रजीत ती बझर्ड, मराठीत घार, आणि प्रत्यक्षात दोन्ही नाही. म्हणून मी सरळ शास्त्रीय नाव बघतो. तेही बदलतं म्हणा. 2024 मध्ये अ‍ॅक्सिपिटर या वंशाची फोड झाली आणि शिक्रा टॅचिस्पायझा वंशात गेला.

आता संकर. इथे लोकांनी दिलेली नावं कामाची नाहीत, नातं बघावं लागतं. अमेरिकेतला रेड-टेल्ड हॉक आणि हॅरिस हॉक जवळचे, त्यांची संकरित पिल्लं शिकारी पक्षी पाळणारे तयार करतात. ससाणा मात्र दिसायला कितीही बाजासारखा असला तरी डीएनएनुसार तो पोपटांच्या जवळचा. त्याची चोच जवळून पाहा: वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो, त्याने तो सावजाची मान मोडतो. बाज मारतो तो नखांच्या पकडीने. या दोघांचा संकर विसरा. ससाण्या-ससाण्यांत मात्र सहज होतो. 1971 मध्ये आयर्लंडमध्ये एकत्र ठेवलेल्या सेकर ससाणा नर आणि बहिरी ससाणा मादीला पिल्लं झाली, तीही कुणी ठरवलेलं नसताना.

रानातही हे घडतं. पूर्व युरोपात मोठा आणि छोटा ठिपकेवाला गरुड जोड्या जमवतात आणि त्यांची पिल्लं पुढे प्रजननक्षमही असतात. मोठा ठिपकेवाला आधीच कमी, त्यामुळे मला ही खरी काळजीची गोष्ट वाटते. पाळलेल्या संकरांवरच जास्त चर्चा होते, ते सोडा.

नावाचं म्हणाल तर पाळणाऱ्यांत बापाचं नाव आधी लावतात. जर-पेरेग्रिन म्हणजे बाप जरफाल्कन नावाचा ससाणा, आई पेरेग्रिन, अर्थात बहिरी ससाणा.