जर्मनीत नर्सिंगची आउसबिल्डुंग आणि ऑटिझम: नाशिकच्या मित्राला उत्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला. वय 29, नाशिकला बँकेच्या काउंटरवर सात वर्षं, गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान, जर्मन भाषेची ए२ पातळी चालू (पुढे बी१, मग बी२), आणि एजंट म्हणतोय चार लाख भर, जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या तिथल्या प्रशिक्षणाला, लावून देतो. तुला विचारायचंय की आपल्यासारख्याला हे झेपेल का आणि तिथे सांगायचं का. ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करतेय. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, 31 व्या वर्षी निदान झालं, 33 व्या वर्षी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात हीच आउसबिल्डुंग करायला आले, आता तिसरं वर्ष चालू आहे.

एजंटचं आधी सांगते, कारण पैसे गेले की परत येत नाहीत. नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला फी नसते, उलट पगार मिळतो, सरकारी स्केल पाळणाऱ्या हॉस्पिटलात 2024 ला पहिल्या वर्षाला महिना 1,340 युरोच्या आसपास होता, इन्शुरन्स वगैरे कापून हातात हजाराच्या थोडे वर. अर्ज हॉस्पिटलच्या साइटवरून थेट करता येतो. आणि 2024 ला महाराष्ट्र सरकारने ह्याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्याचं पुढे काय चाललंय ते आधी विचार. चार लाखांतले थोडे जर्मनच्या चांगल्या क्लासला घाल, व्हिसासाठी बी१ धरतात पण नर्सिंगच्या शाळा बहुतेक ठिकाणी बी२ मागतात, आणि मी तर म्हणेन बी२ पण कमी पडतं, कारण इथले आजी-आजोबा श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलतात आणि सकाळी सहाला तोंडात कवळी नसते.

आता झेपेल का. बघ, तू काउंटरवर सात वर्षं काढलीस म्हणजे माणसांची सवय आहे, पण तिथे माणूस काचेपलीकडे असतो, इथे त्याला कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची, डायपर बदलायचा, त्याचा हात अचानक आपल्या मनगटाला धरतो. वास, ओला स्पर्श, हे तुला किती सोसतं ते फक्त तुलाच कळेल आणि ते घरी बसून कळत नाही. म्हणून बी१ च्या आधी नाशिकलाच एखाद्या वृद्धाश्रमात किंवा ओळखीच्या हॉस्पिटलात पंधरा दिवस जा, नुसतं बघायला नको, हात लावून काम कर, आणि रोज रात्री वहीत लिही की किती वाजता डोकं बंद पडलं आणि त्याआधी काय चाललं होतं. ती वही मार्कशीटपेक्षा जास्त कामाला येईल.

2020 पासून इथे नवा कायदा आहे, तीन वर्षं, 2,100 तास शाळा आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम, आणि हे काम एका जागी नसतं. हॉस्पिटल, वृद्धाश्रम, घरोघरी जाऊन सेवा, मुलांचा विभाग, मानसोपचार, सगळीकडे फिरवतात. मला सगळ्यात जड गेलं ते हेच, रोगी नाही, रक्त नाही, ही बदली. जरा कुठे कपाट कुठलं, कोण कसं बोलतं हे बसायला लागतं की पुढची जागा. आता मी बदलीच्या आधी फोन करून विचारते की अर्धा तास येऊन वॉर्ड बघू का, आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

पहिला वॉर्ड मात्र वाईट गेला. सकाळची पाळी, तीन खोल्यांच्या बेल एकदम, फोन, जेवणाच्या गाडीची चाकं, आणि एक सीनियर मला म्हणायची "दास झीट मान डोख", म्हणजे हे तर दिसतंच की. मला नव्हतं दिसत. कोणी सांगितलं की चार नंबरचा ट्रे उचल तर मी लगेच उचलते, पण कोणी न सांगता काय उचलायचं हे मला वाचता येत नव्हतं, आणि ती समजायची की मी आळशी आहे. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडायचे. दुसऱ्या महिन्यात मी एक ए४ कागद घड्या घालून आठ चौकोनांचा करायला लागले, एका चौकोनात एक पेशंट, वरच्या कोपऱ्यात वेळेच्या गोष्टी, शुगर, अँटिबायोटिक, ड्रेसिंग, खालच्या कोपऱ्यात "आपोआप दिसायच्या" गोष्टी, पाण्याचा ग्लास भरलाय का, बेल हाताशी आहे का, चष्मा कुठाय. खोलीतून निघताना खालचा कोपरा वाचायचा. तो कागद अजून रोज करते.

पण ह्याच कामात आपल्याला मानवणारं पण खूप आहे आणि ते कोणी सांगत नाही. हात कसे धुवायचे, इन्सुलिन कसं द्यायचं, सगळ्याचा ठरलेला क्रम, लेखी. पाळी बदलताना काय सांगायचं त्याचा साचा. लोक तोंडावर स्पष्ट बोलतात, "हे चुकलं, असं कर", संपलं, घरी जाऊन अर्थ लावत बसावं लागत नाही. आणि घरोघरी जायची पाळी आली तेव्हा मला श्वास मिळाला. गाडीत मी आणि मला शिकवणारी नर्स दोघीच, हातात घरांची यादी, एका वेळी एक घर, मध्ये दहा मिनिटं शांतता. एक आजी होत्या, त्यांना अंथरुणातून उठायच्या आधीच पायात घट्ट मोजे चढवायचे, एकदा पाय खाली सोडला की पायाला सूज येते आणि मोजा चढत नाही. एका सोमवारी डाव्या घोट्यापाशी मोजा दोन बोटं आधीच अडला. मी शिकवणाऱ्या नर्सला सांगितलं, वजन केलं तर तीन दिवसांत दोन किलो वाढलेलं, डॉक्टरला फोन गेला, हृदयाच्या पेशंटमध्ये पाणी साठत होतं. रोज तेच तेच त्याच क्रमाने करणाऱ्याला फरक दिसतो. ते काम मिळावं म्हणून मी आता इथलं गाडी चालवायचं लायसन्स काढतेय, आपलं भारतातलं इथे आल्यावर सहाच महिने चालतं, तू आलास की लगेच त्याच्या मागे लाग.

सांगायचं का, ह्यावर माझं मत सरळ आहे: इंटरव्ह्यूला गरज सांग, निदान नंतर. "सूचना लेखी मिळाल्या तर माझं काम चांगलं होतं" एवढं वाक्य कोणालाच खटकत नाही. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, त्यात कारण न देता काढू शकतात, मी चौथ्या महिन्यात माझ्या प्राक्सिसअनलायटरिनला, म्हणजे आपल्याला कामावर शिकवायला नेमलेल्या नर्सला, सांगितलं कारण ती चांगली होती. एकूण प्रत्यक्ष कामाच्या किमान दहा टक्के वेळ असं नीट शिकवलंच पाहिजे असा नियम आहे, तो मागून घे, गर्दीच्या वॉर्डात आपणहून कोणी देत नाही. नर्स म्हणून नोंदणीच्या वेळी डॉक्टरचं पत्र लागतं की प्रकृतीने ह्या कामाला अयोग्य नाही, ऑटिझम आहे म्हणून आपोआप नकार असं त्यात नाही. परीक्षेला मात्र सांगण्यात फायदा आहे, नाखटाइल्सआउसग्लाइख म्हणून सवलत मिळते, जास्त वेळ किंवा वेगळी खोली, त्याला डॉक्टरचं पत्र लावून वेळेत अर्ज करावा लागतो. दोन तासांचे तीन लेखी पेपर असतात, मी वेगळी खोली मागितलीय. अपंगत्वाचा दर्जा पण इथे राहायला आल्यावर मागता येतो, अपंगत्वाचा अंश 50 किंवा वर ठरला तर वर्षाला पाच दिवस जास्त रजा आणि नोकरीचं संरक्षण, फक्त तुझा रिपोर्ट नीट हवा. इथे नव्याने निदान करायला खूप थांबावं लागतं, म्हणून तिकडच्या डॉक्टरकडून सविस्तर रिपोर्ट घेऊन, जर्मन भाषांतर करूनच निघ.

नाइट शिफ्टला घाबरतोस असं लिहिलंयस. शिकताना ती थोडीच असते, तीन वर्षांत मिळून 80 ते 120 तास, ते पण दुसऱ्या अर्ध्यात आणि कोणीतरी सोबत असतं. मला रात्र आवडली, फोन नाही, नातेवाईक नाहीत, दिवे मंद. तुला दिवस-रात्र बदलणं सोसत नसेल तर ते वहीत दिसेलच.

कानात फिल्टरवाले इअरप्लग घालते मी, आवाज बारीक होतो पण बेल आणि अलार्म ऐकू येतात, पूर्ण बंद करणारे चालणार नाहीत.

आणि एक छोटं काम आजच कर, आईला तुझं लसीकरणाचं कार्ड शोधायला सांग. 1970 नंतर जन्मलेल्याला इथे हॉस्पिटलात काम करायला गोवराच्या दोन डोसचा पुरावा लागतो, नसेल तर रक्त तपासून घ्यावं लागेल. मला ते शेवटच्या आठवड्यात कळलं होतं. रिपोर्ट हातात आला की पाठव, कुठली वाक्यं भाषांतरात जपायची ते मी खुणा करून देते.