सॉफ्टवेअर टीमचं जिरा खरेदी, अकाउंट्स, एचआर अशा सगळ्या विभागांनी वापरणं जमतं का?

तुमच्या कंपनीत सॉफ्टवेअर टीमसाठी घेतलेलं जिरा, म्हणजे कामं नोंदवून त्यांचा माग ठेवायचं सॉफ्टवेअर, पुढच्या महिन्यापासून खरेदी, अकाउंट्स, एचआर, मार्केटिंग सगळ्यांनीच वापरायचं असा वरून आदेश आलाय, लोक कुरकुरतायत आणि अंमलबजावणी तुमच्याकडे आलीय, असं तुम्ही लिहिलंय.

जमतं. पण सॉफ्टवेअर टीमचा बोर्ड (प्रत्येक कामाचं कार्ड टप्प्यांच्या रकान्यांतून पुढे सरकतं तो फलक) जसाच्या तसा इतरांना दिलात तर लोक थोड्याच दिवसांत परत एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जातील. प्रत्येक विभागाला त्याचे टप्पे त्याच्या शब्दांत मांडू द्या, आणि तुमची सगळी मेहनत एका विभागाकडून दुसऱ्याकडे काम जातं त्या जागांवर खर्च करा. उशीर तिथेच होतो.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एनपीडीचं, म्हणजे नवीन पार्ट विकसित करण्याच्या कामाचं, समन्वयन बघतो. आमच्याकडे नवा पार्ट मंजूर व्हायला ग्राहकाला पीपॅपची, म्हणजे पार्टच्या मंजुरीसाठी ठरलेल्या कागदपत्रांची, फाइल द्यावी लागते. तिच्यात १८ घटक असतात. ड्रॉइंग आणि डिझाइनचे कागद डिझाइनकडून, मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट खरेदी विभागामार्फत सप्लायरकडून, कंट्रोल प्लॅन (उत्पादनात काय, कसं तपासायचं याचा तक्ता) आणि मोजमापांचे निकाल क्वालिटीकडून, ट्रायलचे निकाल प्रॉडक्शनकडून. सगळं जमल्यावर पार्ट सबमिशन वॉरंटवर, म्हणजे फाइलीच्या मुख्य मंजुरीपत्रावर, सही होते. एक कागद राहिला की फाइल अडते, आणि बहुतेक वेळा तो कागद तयार असतोच, फक्त पुढच्या माणसाला पत्ता नसतो.

ड्रॉइंगच्या रिव्हिजनचंच घ्या. डिझाइनने रिव्हिजन ‘सी’ मेलवर पाठवली, त्यांच्या दृष्टीने काम संपलं. सप्लायरकडे मात्र अजून ‘बी’ आहे आणि तो त्यावरच टूल बनवतोय. आपापलं काम सगळ्यांनी केलंय, तरी पार्ट चुकणार. म्हणून आम्ही नियम असा ठेवलाय, की सप्लायरकडून जुनी प्रत परत आली आणि नवी मिळाल्याची पोच आली, असं खरेदीने नोंदवल्याशिवाय डिझाइनचं कार्ड बंद होत नाही. जिरात एक काम दुसऱ्याला अडवतंय असं दाखवणारी लिंक जोडता येते, ती यासाठी जरूर वापरा. मला विचाराल तर या सॉफ्टवेअरचा इतर विभागांना होणारा निम्मा फायदा त्या एका लिंकमध्ये आहे. ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, हे देणारा आणि घेणारा अशा दोघांना समोरासमोर बसवून ठरवा. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर करून देत नाही.

आता बोर्डांबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियनने २००२ मध्ये जिरा आणलं ते मुख्यतः सॉफ्टवेअरमधले बग नोंदवण्यासाठी. स्प्रिंट (एक-दोन आठवड्यांचा कामाचा ठरावीक टप्पा), स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) या गोष्टी डेव्हलपरच्या कामाला बसतात. खरेदीचं काम चौकशी, कोटेशन, तुलना, भाव ठरवणं, पीओ (खरेदीची ऑर्डर), माल येणं, तपासणी असं चालतं, तेच त्यांच्या बोर्डाचे रकाने होऊ द्या. अकाउंट्सचं काम तारखांवर चालतं. टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा, दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत. त्यांना स्प्रिंट देऊन काय साधणार? दर महिन्याला आपोआप तयार होणारी कामं आणि एक चेकलिस्ट एवढं त्यांना पुरतं. एचआरचा प्रोजेक्ट (जिरातला कामांचा स्वतंत्र कप्पा) पहिल्या दिवसापासून वेगळा आणि मोजक्या लोकांनाच दिसेल असा ठेवा. पगार, तक्रारी, राजीनामे असल्या गोष्टी सगळ्या कंपनीच्या सर्चमध्ये येता कामा नयेत.

रकाने ज्या विभागाला स्वतः बदलावेसे वाटतील त्याला टीम-मॅनेज्ड प्रोजेक्ट, म्हणजे टीमने स्वतः सांभाळायचा, द्या, प्रत्येक वेळी अ‍ॅडमिनच्या मागे लागावं लागत नाही. पण तिथे बनवलेली फील्ड (माहिती भरायची जागा) त्या प्रोजेक्टपुरतीच राहते, त्यामुळे सगळ्यांचा एकत्र रिपोर्ट काढताना अडचण येते. म्हणून विभागांमधली देवाणघेवाण एका कंपनी-मॅनेज्ड, म्हणजे अ‍ॅडमिनने सांभाळायच्या, प्रोजेक्टमध्ये ठेवा. त्यात सक्तीची फील्ड अगदी कमी असू द्यात: कंपनीच्या कोणत्या प्रोजेक्टचं काम, पुढे कोणाकडे जाणार, कधीपर्यंत. प्रत्येक वाढीव फील्डमागे कोणीतरी ‘एनए’ (लागू नाही) टाइप करणार आहे.

खरेदीवाले ‘दोनदा एन्ट्री’ म्हणून तक्रार करतील आणि ती तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. पीओ ईआरपीत, म्हणजे कंपनीचे व्यवहार नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनतो, तिथेच राहू द्या. कार्डावर फक्त पीओ नंबर पुरे. रक्कम, आयटम, दर पुन्हा भरायला लावू नका. दोन ठिकाणचे आकडे जुळेनासे झाले की लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

तुमच्याकडे कारखाना किंवा गोदाम असेल तर तिथल्या लोकांकडून लॉगिनची अपेक्षा धरू नका. टूलरूममधला माणूस मशीन सोडून कॉम्प्युटरवर येणार नाही, यावंही का? आमच्याकडे भिंतीवर साधा बोर्ड आहे आणि शिफ्ट संपताना सुपरवायझर तेवढं जिरात चढवतो. उलट बोर्डाची कल्पना शॉप फ्लोअरला पटकन कळते, कारण कानबान, म्हणजे कार्डांवरून काम पुढे सरकवायची पद्धत, आलीच मुळी टोयोटाच्या कारखान्यातून, आणि सुट्या भागांच्या पेटीवरचं कानबान कार्ड वाहन उद्योगातल्या कामगाराच्या रोजच्या हाताळणीतलं असतं.

दोन गोष्टी व्यवस्थापनाकडून आधीच कबूल करून घ्या. पहिली, आठवड्याची रिव्ह्यू मीटिंग बोर्ड उघडूनच होईल. साहेबांनी ‘मला एक्सेलमध्ये पाठवा’ म्हटलं की सगळे एक्सेलच भरत बसतात आणि बोर्ड शिळा पडतो. दुसरी, कोणी किती कार्डं बंद केली यावरून माणसाचं मोजमाप होणार नाही. ते सुरू झालं की एका कामाची पाच कार्डं होतात आणि अडलेलं काम कोणी लाल दाखवत नाही. अडलेलं काम वेळेवर दिसावं यासाठीच तर हा खटाटोप.

खर्चाचं म्हणाल तर १० जणांपर्यंत जिरा फुकट आहे, पुढे माणशी पैसे. मार्केटिंगसारख्या छोट्या टीमचं काम ट्रेलोवर किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर प्लॅनरवरही भागतं. चेन्नईच्या झोहोचं प्रोजेक्ट्स हाही चांगला पर्याय आहे. पण देवाणघेवाणीची नोंद एकाच ठिकाणी हवी, तिथे तडजोड नको.

सगळे विभाग एकाच तारखेला आणू नका, एवढं मात्र वरच्यांना पटवाच. सध्या चालू असलेलं एक प्रोजेक्ट निवडा आणि ज्या दोन विभागांचं एकमेकांवाचून सर्वांत जास्त अडतं ते दोनच आधी घ्या. अकाउंट्सला मार्चअखेरच्या आसपास तर हातही लावू नका. त्यांना मे-जूनमध्ये घ्या, तोवर पहिल्या दोन विभागांतलं कोणीतरी त्यांना शिकवायला तयार झालेलं असेल.