साठ टक्के पडले तरी कॉलेज पारखूनच घे

बारावीला साठ टक्के पडले म्हणून मिळेल तिथं नाव घालू नकोस. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर मागच्या वर्षीचे कट-ऑफ फेरीनिहाय बघ. पहिल्या फेरीत हाताबाहेरची वाटणारी शाखा शेवटच्या फेरीत कधी कधी बरीच खाली येते.

मग कॉलेज बघायला जा, तेही तास चालू असताना. ऑफिसात माहितीपुस्तक देतील, गोड बोलतील. तू प्रयोगशाळा दाखवा म्हण. यंत्रांवर धूळ आहे का, पोरांच्या जर्नलमध्ये सरांच्या सह्या कोणत्या तारखेच्या आहेत, ते नीट बघ. माझ्या लेखी इमारतीपेक्षा त्या सह्या महत्त्वाच्या. बाहेर टपरीवर तिसऱ्या वर्षाची पोरं चहा पीत असतात. तास होतात का, हे त्यांनाच विचार.

बीए, बीकॉम, बीएस्सीला आपल्या मराठवाड्यात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडं येतात, बाकीच्या चार जिल्ह्यांची संभाजीनगरच्या विद्यापीठाकडं. कॉलेज विद्यापीठाला जोडलेलं आहे का, ही संलग्नता तिथं तपास. फी भरलीस की पावती घेच. आणि गावाकडं परतायची शेवटची एसटी किती वाजता, तेही विचारून ये. विशेषतः बहीण सोबत शिकणार असेल तर.