मुलगी पळते, पाच महिने पाळी नाही. हे खरंच नॉर्मल आहे का?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी १६ वर्षांची, ३००० आणि ५००० मीटर पळते. पाच महिने पाळी नाही, डावी नडगी दुखते. सर म्हणतात, कडक ट्रेनिंग असलं की असं होतंच.

ताई, होतं हे खरं. पुष्कळ मुलींचं होतं. पण म्हणून ते ठीक आहे असं नाही. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टर गाठायचा, तुमचे तर पाच झाले.

मी डॉक्टर नाही. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिकच्या कविता राऊतनं १०,००० मीटरचं ब्राँझ जिंकलं आणि नाशिकच्या ग्राउंडवर पोरींची रांग लागली, त्यातलीच मी एक. हॉस्टेलवर राहून आठ वर्षं पळले, आता सकाळी शाळेच्या मुलींची बॅच घेते. एकोणिसाव्या वर्षी माझी पाळी अकरा महिने बंद होती. आम्ही तिला 'डेट' म्हणायचो, आणि डेट येत नाही ही आमच्यात चक्क मिरवायची गोष्ट होती. स्पर्धेच्या दिवशी कटकट नाही! वजन ४६ वरून ४२ वर आलं, टायमिंगही सुधारलं. सुरुवातीला सुधारतं, तिथेच सगळे फसतात. मग नडगीत एक जागा ठणकायला लागली. एक्स-रे साफ आला. 'मसल आहे, बाम लाव' असं ऐकून मी आणखी तीन आठवडे पळले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाची चीर दिसली. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पाळीचा आणि नडगीचा संबंध काय? घरात धान्य कमी पडलं की बाई आधी पाहुण्यांना बोलावणं बंद करते. मेंदूतला हायपोथॅलॅमस तेच करतो. पळण्यात जाणारी ऊर्जा वजा करून शरीराला पुरेशी उरत नाही असं दिसलं की तो बीजकोशांकडे जाणारे इशारे मंदावतो. इस्ट्रोजेन हे बाईचं संप्रेरक घसरतं, पाळी थांबते. हेच इस्ट्रोजेन हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. त्यात उपाशी शरीर नवं हाड घडवणारी संप्रेरकंही आखडतं. म्हणजे पाडकाम जोरात, बांधकाम बंद, आणि वरून रोज हजारो पावलांचा दणका. बरं, वय कोणतं? अठराव्या वर्षापर्यंत हाडांची जवळजवळ ९० टक्के पुंजी जमा होते. या वर्षांत राहिलेली तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही.

१९८४ साली अमेरिकेत बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद असलेल्या आणि नियमित असलेल्या खेळाडूंची हाडं मोजून पाहिली. पाळी बंद असलेल्या मुली सरासरी पंचविशीतल्या, पण त्यांच्या कण्याची घनता निघाली पन्नाशीतल्या बाईइतकी. व्यायामानं हाडं बळकट होतात हे खरं, पण पोटात काही असेल तर. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती या सगळ्याला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) म्हणते, आणि ते मुलग्यांनाही होतं. अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी जागतिक स्पर्धेत पळली. २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावात तीन वर्षं पाळी गेली आणि पाच हाडं मोडली.

आता हिशेब मांडू. मुलगी ४८ किलोची धरा, त्यातली चरबी सोडून ४० किलो. किलोमागे ४५ कॅलरी मिळाल्या तर शरीर सुखात, म्हणजे १८००. रोज १० किलोमीटर पळायला साधारण ४८० लागतात. झाले जवळपास २३००. ती १६५० खात असेल तर पळणं वजा जाता उरले ११७०, म्हणजे किलोमागे ३० च्याही खाली. संप्रेरकं कोलमडायला लागतात ती याच्या आसपास. आणि १६५० म्हणजे काही उपास नव्हे! मोजकी पोळी-भाजी, वरण-भात खाणारी, 'जेवते की नीट' असं आपण म्हणतो तीच मुलगी. माझ्या बॅचला पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर येणाऱ्या पोरी आहेत, आणि त्यांचं पुढचं खाणं थेट शाळेच्या डब्याला. म्हणून मी आता पळण्याआधी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि पळून झाल्यावर ग्राउंडवरच दूध, उकडलेली अंडी असा नियम केलाय. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर भाकरी, आंबील चालू द्या. पण नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे सुटत नाही. आधी पोटभर खाणं, तूप-शेंगदाण्यासकट.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना पळण्याचं वेळापत्रक आणि खाणं लिहून न्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस, ड जीवनसत्त्व हे सगळं तपासावं लागतं. गर्भधारणेची चाचणीही सांगतील, ती रीतच आहे, मुलीवर संशय नको. हाडांची घनता मोजायला डेक्सा सांगितली तर या वयात झेड-स्कोअर (तिच्याच वयाच्या मुलींशी तुलना) बघायचा, टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) नाही.

गोळ्यांबद्दल मात्र थेट विचारा. मला एका डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, दर महिन्याला रक्तस्राव झाला, घरचे खूश. तो गोळ्या थांबल्यावर होणारा रक्तस्राव होता, माझी पाळी नव्हे. हाडाला त्याचा काही फायदा झाला नाही, उलट शरीर उपाशी आहे ही खूणच झाकली गेली. माझी पाळी परतली ती वजन ४७ झाल्यावर, सात महिन्यांनी. टायमिंग परत यायला दीड वर्ष लागलं.

सरांशी भांडू नका. त्यांना कुणी हे शिकवलेलं नसतं, आणि मुली त्यांच्याशी बोलत नाहीत. मी वहीत टायमिंगशेजारी डेटचा रकाना ठेवलाय. पोरी पहिला महिनाभर लाजल्या, आता ओरडून सांगतात.

नडगीचं आजच बघा. आतल्या कडेवरून अंगठा दाबत वर जा. वीतभर पट्टी दुखत असेल तर बहुधा हाडावरची सूज असते. नाण्याएवढ्या एकाच जागी ती किंचाळली, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि एमआरआयचं विचारा. आणि कधी जांघेत दुखतंय म्हणाली तर एक दिवसही थांबू नका, पायावर भार न देता अस्थितज्ज्ञांकडे न्या. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर गेली आणि ती सरकली तर ऑपरेशनशिवाय भागत नाही.