पाऊस लागला की तिच्या पोटात दुखते

जून उजाडला की चिपळूण, खेड, राजापूर या भागांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पूर येऊन गेला, घर सावरले, दुकान पुन्हा सुरू झाले, तरी मूल अजून पावसाला घाबरते, याला काय करावे? त्याच्यासमोर पुराचा विषय काढावा की काढूच नये? नदीवर नेऊन भीती मोडावी की पावसाळ्यापुरते पुण्याला मावशीकडे ठेवावे? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका कुटुंबाबरोबर केलेल्या कामाच्या आधारे ते सविस्तर देत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

मुलगी आठ वर्षांची होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. बाजारपेठेच्या बाजूला घर, पुढे वह्या-पुस्तकांचे दुकान आणि मागे राहती जागा. त्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले, आणि या कुटुंबाने शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आसरा घेतला. वीज नाही, फोन लागत नाही, खाली आपले घर पाण्यात, अशा स्थितीत त्यांनी तो दिवस आणि पुढची रात्र काढली. कोणाला इजा झाली नाही. दुकानातला माल मात्र चिखलात गेला.

दोन वर्षांनी आई, वडील आणि आजी तिला घेऊन आले. पाऊस लागला की तिच्या पोटात दुखे आणि शाळा बुडे. रात्री ती उठून दाराशी जाई आणि गटार पाहून येई. पाचव्या वर्षीच सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले होते. दप्तर ती रोज माळ्यावर ठेवत असे आणि कोणी खाली आणले तर रडून गोंधळ घालत असे. वडील म्हणाले, "आम्ही घरात तो विषयच काढत नाही, मॅडम. उगाच तिला आठवण कशाला द्यायची?" आजींनी दृष्ट काढली होती आणि ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणेही घातले होते. आईने मुलगी बाहेर गेल्यावर हळूच विचारले, "शाळा चुकवायला ही मुद्दाम तर करत नसेल ना?"

ही शंका पुष्कळ पालकांच्या मनात असते आणि ती विचारायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून तिचे उत्तर आधी देते. भीतीच्या वेळी शरीरात स्रवणारी संप्रेरके आतड्यांच्या हालचालीवर परिणाम करतात. त्यामुळे होणारी पोटदुखी खरी असते, केवळ तिचे कारण पोटात नसते. अंथरूण ओले होणे तर झोपेत घडते, त्यात मुद्दाम करण्याजोगे काही नसते. तरीही अशा मुलाला मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता असली तरी हीच लक्षणे दिसतात, आणि ती तपासल्याशिवाय सगळे मनावर ढकलणे हा मुलावर अन्याय आहे. या मुलीची लघवीची तपासणी निर्दोष आली. बद्धकोष्ठता मात्र निघाली, कारण घाण वाटते म्हणून ती शाळेतल्या शौचालयात जातच नव्हती. त्यावर उपचार झाल्यावर ओल्या रात्री कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत.

दोन वर्षांनी भीती ताजी कशी राहते हे समजून घेण्यासाठी मेंदूच्या तीन भागांची नावे पुरतात. कानशिलाच्या आतल्या अंगाला अमिग्डाला नावाचा छोटा भाग असतो. धोका ओळखून शरीराला सावध करणे हे त्याचे काम. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस असतो, जो घटना कोठे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने घडली याची नोंद ठेवतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या दोघांकडून आलेली माहिती तोलून पाहतो आणि आत्ता खरोखर धोका आहे का ते ठरवतो. तीव्र भीतीच्या प्रसंगी अमिग्डालाची नोंद पक्की होते; स्थळ, काळ आणि क्रम यांची नोंद पुष्कळदा तुटक राहते. त्यामुळे आठवण जागी झाली की ती दोन वर्षांपूर्वीची म्हणून येत नाही, आत्ता घडत असल्यासारखी येते. त्यात प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, म्हणजे मोठा माणूस स्वतःला जे समजावू शकतो ते आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने जमत नाही. वासाची गोष्ट आणखी वेगळी. इतर संवेदनांचे संदेश आधी थॅलॅमस या भागातून जातात, वासाचा संदेश मात्र नाकामागच्या केंद्रातून थेट अमिग्डालापर्यंत पोहोचतो. भिजलेल्या कागदांचा वास आला की ही मुलगी पांढरी पडत असे, याचे घरच्यांना कोडे वाटे. ज्या घराने वह्यांचे ओले गठ्ठे दिवसेंदिवस उपसले त्या घरात ते कोडे राहू नये.

सुरुवातीच्या भेटींत मी तिला पुराबद्दल काहीही विचारले नाही. आपत्तीनंतर माणसाला एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. पुढे अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर तिने नंतरचा मानसिक त्रास टळत नाही असे दिसून आले. तेव्हा मूल बोलत नसेल तर खोदून विचारू नये. ते खेळते काय, हे मात्र पाहावे. ही मुलगी बादलीत बाहुली बुडवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची, आणि त्या खेळात हसू नव्हते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात चौचिला गावी शाळेच्या बसमधून २६ मुलांचे अपहरण झाले होते. पुढे त्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी असाच खेळ नोंदवला आहे: तोच प्रसंग, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा, आणि खेळून झाल्यावरही मोकळे न वाटणारा. असा खेळ दिसला तर मुलाला दटावू नये आणि तो हसण्यावारीही नेऊ नये.

मी तिच्याबरोबर खेळायला बसले आणि बाहुलीला वर कोण काढते असे विचारले. ती म्हणाली, "कोणी नाही. सगळे म्हणतात काही नाही झालं, झोप." त्या पहाटे आई आणि बाबा दुकानातला माल फळ्यांवर चढवत असताना ती जागी झाली होती आणि काय झाले म्हणून तिने विचारले होते. आजी म्हणाल्या होत्या, "काय नाय, झोप बाय." ती झोपली, आणि पुन्हा उठली तेव्हा खोलीत पाणी होते.

हे कळल्यावर घरच्यांच्या दोन वर्षांच्या वागण्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागले. तिला धीर देण्यासाठी प्रत्येक पावसात सगळे जण जे बोलत होते, तेच तिच्या मनात पुराशी जोडलेले होते. मोठी माणसे काही नाही म्हणतात तेव्हाच पाणी येते, असा तिचा निष्कर्ष होता, आणि तिच्या अनुभवाच्या हिशेबाने तो चुकीचाही नव्हता. म्हणून ती रात्री स्वतः उठून गटार पाहत होती. विषय न काढण्याचा वडिलांचा निर्णय मायेपोटी होता, परंतु त्यामुळे हा निष्कर्ष तपासून पाहण्याची संधी तिला कधीच मिळाली नाही. हे आजींना सांगताना मला फार जपावे लागले. त्या पहाटे एका घाबरलेल्या नातीला दुसरे कोणी काय सांगितले असते? २६ जुलै २००५ चा पूर त्यांनी पाहिलेला होता. मनातून त्या स्वतःही भेदरलेल्या होत्या.

त्यानंतर आम्ही चित्रे काढली. पहिल्या चित्रात काळोख आणि पाणी होते, आणि तिची गोष्ट तेथेच संपत होती. जिन्यावरून बाबांनी उचलून नेले, शेजारच्या काकूंनी गॅसवर पेज केली, दुसऱ्या दिवशी पाणी उतरले, हे सगळे तिला ठाऊक होते, परंतु भीतीच्या आठवणीला ते जोडलेले नव्हते. चित्रे क्रमाने लावत आई, बाबा आणि आजी यांनी प्रत्येकी आपापला भाग सांगितला. बाबा प्रथमच तिच्यासमोर म्हणाले, "मलापण भीती वाटली होती." एवढ्याने ती कोलमडेल असे त्यांना वाटत होते. तिने फक्त विचारले, "मग तुम्ही काय केलंत?"

पुढचा भाग भीतीला सामोरे जाण्याचा. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर केलेले काम प्रसिद्ध केले: मूल आवडीचे खात असताना ससा दूर ठेवायचा आणि मुलाला झेपेल तसा थोडा थोडा जवळ आणायचा. पायरीपायरीने जाण्याची आजची पद्धत त्याच मार्गावरची आहे. आम्ही आधी फोनवर पावसाचा आवाज ऐकला, मग पडवीत बसून खरा पाऊस पाहिला, दुकानातल्या ओल्या पुठ्ठ्याचा वास घेतला, उघडीप असताना वाशिष्ठीच्या पुलावर गेलो, आणि शेवटी रिमझिम असताना तेथे उभे राहिलो. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरू लागेपर्यंत थांबणे आवश्यक असते. भीती शिगेला असताना मुलाला उचलून परत आणले तर पळाल्यामुळेच आपण वाचलो असे मेंदू शिकतो. तसेच पहिल्याच दिवशी दुथडी भरलेल्या नदीपाशी ओढत नेणे हेही घातक आहे, आणि भीती मोडण्याच्या नावाखाली काही घरांत ते केले जाते, हे मी दुःखाने नोंदवते. पावसाळ्यापुरते पुण्याला पाठवण्याने तो हंगाम निभावतो. पण शांतपणे पडणारा पाऊस अनुभवायला मिळत नाही, आणि भीती आहे तेथेच राहते.

या कामाला जोड म्हणून तिला पुराचे खरे कारण समजावले. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेले पाणी थोड्या अंतरात खाली येते, त्याच वेळी दाभोळच्या खाडीत भरती असेल तर नदीचे पाणी समुद्राकडे लवकर निघत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. २०२१ च्या त्या पुरानंतर दोनच दिवसांनी गुरुपौर्णिमा होती. हे तिला आजींनी सांगितले, कारण तिथीवरून भरतीची वेळ काढणे त्यांना माहेरापासून येत होते. हवामान खात्याच्या यलो, ऑरेंज आणि रेड अलर्टचे अर्थ तिने वहीत लिहून घेतले. घरात एक पिशवी ठरली: कागदपत्रे, विजेरी, औषधे आणि तिची एक बाहुली. ती पिशवी माळ्यावर ठेवण्याचे काम तिच्याकडे आले आणि दप्तर तिने स्वतःहून खाली आणले. "काही नाही" हे उत्तर घरातून हद्दपार झाले. त्याऐवजी "आत्ता पाऊस जोरात आहे, पाणी रस्त्यावर नाही, मी बाराला पुन्हा पाहीन, तू झोप" असे सांगायचे आणि बाराला खरोखर पाहायचे, असे आई आणि बाबांनी ठरवून घेतले.

आईबद्दल वेगळे लिहायला हवे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना अ‍ॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लहान मुलांचे निरीक्षण केले होते. हल्ल्याच्या वेळी आई जितकी घाबरते त्यावर मुलाची भीती पुष्कळ अंशी अवलंबून असते, आणि आईपासून ताटातूट मुलाला बॉम्बपेक्षा जड जाते, असे त्यांना दिसले. अलीकडच्या काळात मेगन गुनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल मोजून पाहिले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात मुलांना परीक्षकांसमोर भाषण करायचे होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांची तयारी आईने किंवा वडिलांनी सोबत बसून करून घेतली तेव्हा त्यांचे कॉर्टिसॉल वाढण्याचे प्रमाण कमी राहिले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत हा परिणाम दिसला नाही. आठ वर्षांच्या मुलीसाठी आईची शांतता हा उपचाराचाच भाग ठरतो तो यामुळे. पण ही आई स्वतः पावसाच्या रात्री झोपत नव्हती, दुकानाचे कर्ज तिच्या मनातून जात नव्हते. तिला केवळ शांत राहा असे सांगणे निरर्थक होते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला ती तयार नव्हती, कारण रत्नागिरीला न्यायचे म्हणजे मनोरुग्णालयात टाकायचे, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. तिने आधी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलून पाहिले आणि मग उपचार घेतले. मुलीच्या सुधारणेला त्यानंतर वेग आला, असे माझे निरीक्षण आहे.

मुलीला झोपेची गोळी द्यावी का, असे वडिलांनी मध्ये एकदा विचारले होते. आघातानंतर मुलांना येणाऱ्या अशा त्रासासाठी त्या प्रकारच्या शामक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलेले आहे, आणि येथे त्यांची गरजही पडली नाही.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीला तिचे पोट पुन्हा दुखले आणि आईचा फोन आला, "सगळं पाण्यात गेलं का हो?" तसे नव्हते. पाटीवरचे पुसावे तशी शिकलेली भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी सुरक्षिततेची नवी आठवण तयार होते, आणि मधे खंड पडला की जुनी पुन्हा डोके वर काढते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच, विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत येते, हे दाखवून दिले होते. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी पडवीतल्या आणि पुलावरच्या पायऱ्या एकदा उजळून घ्याव्यात, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगून ठेवते. या मुलीने त्या जूनमध्ये दोन दिवस शाळा बुडवली आणि तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन गेली. आजींचे गाऱ्हाणेही चालू आहे. ते ऐकताना ती शांत होते, आणि ते थांबवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

बहुसंख्य मुले आपत्तीनंतर घरच्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात, आणि त्यांना समुपदेशकाची गरज लागत नाही. महिना उलटूनही झोप, खाणे, शाळा किंवा खेळ बिघडलेला राहिला, सुटलेल्या सवयी परतल्या, मूल त्या प्रसंगाशी जोडलेली प्रत्येक गोष्ट टाळू लागले, तर बालरोगतज्ज्ञांकडे आणि तेथून समुपदेशकाकडे जावे. मरणाची भाषा ऐकू आली किंवा मुलाने स्वतःला इजा केली तर महिनाभर थांबू नये, त्याच दिवशी जावे.