जुन्या रोड बाइकला २३ च्या जागी २८ किंवा ३२ चे टायर बसतील का?

तुमची सायकल नव्वदच्या दशकातली, स्टीलच्या फ्रेमची, ७०० × २३ टायरची (यातला २३ म्हणजे टायरची रुंदी, मिमीमध्ये) आणि साध्या कॅलिपर ब्रेकची, म्हणजे वरून दोन्ही बाजूंनी रिम पकडणाऱ्या. खडबडीत रस्त्यावर हात बधिर होतात म्हणून रुंद टायर हवेत. माझा अंदाज विचाराल तर २५ बहुतेक बसेल, २८ बसायची आशा बरी आहे आणि ३२ चा नाद सोडा. पण माझ्या अंदाजावर टायर मागवू नका, आधी मोजा.

मोजायला व्हर्नियर लागत नाही, अ‍ॅलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच पुरतो. टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि टायर व फ्रेमच्या मधल्या फटीत एकेक की सरकवून बघा. जी सर्वांत जाडी की न अडकता जाते, तेवढी तुमची जागा. मागच्या चाकाला चार ठिकाणी बघायचं: दोन्ही चेनस्टे (पेडलपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या नळ्या), सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मागे, वर ब्रेक अडकवलेली आडवी दांडी आणि खुद्द ब्रेकचा पोटाकडचा भाग. पुढे चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) दोन्ही बाजू, त्याचा माथा आणि पुन्हा ब्रेक.

बहुतेक जण नुसत्या बाजू बघतात आणि इथेच फसतात. टायर ५ मिमीने रुंद झाला की बाजूंची जागा अडीच-अडीच मिमीच कमी होते. पण टायर जवळजवळ तेवढाच उंचही होतो, म्हणजे वरची जागा पाचच्या पाच मिमी जाते. त्या काळच्या बऱ्याच रोड बाइकना ३९ ते ४९ मिमी रीचचे (रीच म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून ब्रेक शूपर्यंतचं अंतर) आखूड ब्रेक असतात, म्हणून टायर सहसा चेनस्टेला नाही, ब्रेकच्या पोटाला आधी टेकतो. ४७ ते ५७ रीचचे ब्रेक असतील तर तुम्ही नशीबवान. ब्रेक बदलून बघावेत असं वाटेल, पण ब्रेक शू रिमवर नीट बसायचे तर फ्रेमचं ब्रेक अडकवायचं भोकही रिमपासून तेवढंच वर असायला हवं.

नवा टायर बसल्यावर चारही बाजूंना किमान ४ मिमी उरले पाहिजेत, हा माझा हिशेब. लोक दोन मिमीवरही चालवतात. मीही चालवायचो. स्टँडवर चाक झकास फिरायचं. मग एका चढावर मागचा एक स्पोक तुटला, चाक आऊट झालं, म्हणजे एका बाजूला वाकलं, आणि टायर डाव्या चेनस्टेला चिकटला. ब्रेक सैल करून उपयोग नव्हता, कारण घासत होता टायर, रिम नव्हे. सायकल ढकलत घरी आणली तेव्हा चेनस्टेचा रंग जाऊन बोटभर लांबीचं चकचकीत लोखंड दिसत होतं. स्टील होतं म्हणून रंगावर निभावलं. तुमचा चिमटा कोणी बदलून कार्बनचा टाकला असेल तर तिथे अजिबात धोका पत्करू नका, घासणारा टायर कार्बन कापत जातो.

आता टायरवरच्या आकड्याबद्दल. २८ छापलंय म्हणून तुमच्या रिमवर तो २८ भरेलच असं नाही. जुन्या रिमची आतली रुंदी बहुधा १३ ते १५ मिमी असते, तर हल्लीचे बरेच टायर १९ मिमीच्या आसपासची रिम धरून बनवतात. रिम एक मिमीने अरुंद असली की टायर साधारण ०.४ मिमीने अरुंद भरतो. म्हणजे १५ च्या रिमवर असा २८ चा टायर साडेसव्वीसच्या आसपास येईल. जागेच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. मात्र रिम १३ ची असेल तर मी २५ वरच थांबेन, कारण कमी हवेत रुंद टायर अरुंद रिमवर वळणाला डुलतो.

टायरच्या कडेला ६२२ (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये) लिहिलंय ना, तेही एकदा बघून घ्या. ६३० असेल तर ते २७ इंची चाक आहे, ७०० चा टायर त्यावर चढणारच नाही. पण अशा फ्रेमला ७०० ची चाकं टाकली की रिम ४ मिमी खाली येते आणि वरची जागा फुकटात वाढते, फक्त ब्रेक शू तेवढेच खाली यायला हवेत.

मागचा एक्सल बसतो ती खाच आडवी असेल तर चाक थोडं मागे सरकवून सीट ट्यूबपाशी जागा काढता येते. त्याची किंमत पंक्चरच्या वेळी मोजावी लागते: चाक पुढे ओढून काढावं लागतं आणि हवा भरलेला टायर सीट ट्यूबला अडतो. ब्रेक शूच्या मधूनही तो फुगलेला जाणार नाही. आधी हवा सोडायची, चाक बसवल्यावर भरायची. सवय होते.

मागे २८ मावत नसेल आणि पुढे मावत असेल तर पुढे २८, मागे २५ टाका. हातांना त्रास पुढच्या चाकाचा होतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. आणि हो, २८ टाकून जुन्या सवयीने ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरू नका, मग एवढा खटाटोप केलाच कशाला? सत्तरेक किलो वजनाला ८० पासून सुरुवात करा आणि थोडी थोडी हवा कमी करत जा. सायकल कॉम्प्युटरमध्ये चाकाचा घेर २०९६ मिमीवरून २१३६ करा, नाहीतर अंतर सुमारे दोन टक्के कमी दिसेल.

नवा टायर हवा भरून एक-दोन दिवस तसाच ठेवा, तो किंचित ताणतो. मग पुन्हा अ‍ॅलन की फिरवा. चेनस्टेच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून एखाद्या चढावर पेडलवर उभं राहून जोर लावा. पट्टी घासलेली दिसली तर मुकाट्याने २५ वर या.