म्यूटवरची आरती

प्रिय सानू,

शनिवारी गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "आई, दोन कडवी आपण म्यूटवर होतो, तेव्हा आजीला काहीच ऐकू गेलं नाही. मग आपली आरती झाली का?" मी प्रसाद वाटता वाटता "झाली गं" म्हणून टाकलं. ते उत्तर मलाच पुरेसं वाटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

साताऱ्यात संध्याकाळचे साडेसात, तेव्हा आपल्याकडे टोरांटोत सकाळचे दहा. पहिल्या वर्षी आपण, आजी आणि नागपूरचा मामा, तिन्ही घरांनी एकदम सूर लावला. आवाज समुद्राखालच्या तारांतून येईपर्यंत जरासा उशीर होतो. बोलताना तो कळत नाही, पण टाळीला कळतो. आजी आपल्यासाठी थांबायची, आपण तिच्यासाठी थांबायचो, आणि पहिल्या कडव्यातच आरती रेंगाळली. वर झांज वाजली की ॲप तिला गोंगाट समजून कापून टाकायचं. एकाने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, अशा बेताने ते बनवलेलं आहे. आरतीची घडण अगदी उलटी, तिथे सगळ्यांनी एकदम म्हणायचं.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात लिहिलेली ही आरती माझ्या लहानपणापर्यंत मुख्यतः कानावरूनच शिकली जायची. म्हणून 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं. मीही कित्येक वर्षं तसंच म्हणत होते. फणिवरबंधना म्हणजे ज्याने नागराज कमरेला बांधलाय तो. छापील आरतीसंग्रहाने शब्द बरेच सावरले. मग लता मंगेशकरांच्या आवाजातली आरती मांडवामांडवांतून वाजू लागली आणि घराघरांतल्या चाली हळूहळू तिच्या चालीकडे झुकल्या. आजी मात्र अजून तिच्या आईच्या संथ चालीत म्हणते. ती चाल कुठेच ध्वनिमुद्रित नाही गं. ती तुझ्या कानात पडावी, एवढ्यासाठी मी दर वर्षी हा कॉल लावते.

आता तीन घरं, तीन कडवी. 'सुखकर्ता' आजीचं, 'रत्नखचित फरा' मामाचं, 'लंबोदर' आपलं. ज्याची पाळी त्याचा माइक सुरू, बाकीचे म्यूटवर पण तोंडाने म्हणत. अशी पाळीची आरती माझ्या आजोळी कुणी ऐकलेली नव्हती. ती या फोनमुळे आपल्या घरात आली.

तर हो, आपली आरती झाली. आपण ती कुणाला ऐकवायला म्हणत नाही, दिवा ओवाळताना देवासाठी म्हणतो. पण तुला चुकल्यासारखं वाटलं तेही खरं आहे. आजोळच्या माजघरात वीस माणसांच्या आवाजात माझा आवाज मिसळून जायचा. शब्द विसरला तरी शेजारची मावशी पुढे ओढून न्यायची. म्यूटवर तुला तसं ओढून नेणारं कुणी नसतं. याचं मला वाईट वाटतं, आणि त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

'घालीन लोटांगण'ला मात्र आजी कुणालाच म्यूट करू देत नाही, हे तू पाहिलंसच. तिन्ही घरं पुढेमागे होतात, टाळ्या एकमेकींवर आदळतात, सगळे स्वतःभोवती गिरक्या घेतात आणि आजी डोळे मिटून हसत असते.

विसर्जनाच्या आरतीला 'लंबोदर' तू एकटीने म्हण. आजीच्या चालीत. माइक मी सुरू करून देईन.

तुझी,
आई